घनइंचांची शर्यत

होडीच्या पिछाडीला अडकवायचे आणि काम झाले की काढून घरी न्यायचे इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, जन्माला आले ते वल्ही मारण्याचे कष्ट वाचवण्यासाठी. वेगाचा विचार त्याच्या कर्त्यांच्या मनात फारसा नव्हता. तरीही पहिले यशस्वी आउटबोर्ड बाजारात आल्यापासून पन्नास वर्षांच्या आत त्याच जातीच्या इंजिनाने ताशी १०० मैलांची वेस ओलांडली. ही कथा मुख्यतः अमेरिकेतली, मिशिगन सरोवराच्या आसपासच्या राज्यांतल्या कारखान्यांत आणि तिथल्या नद्यांवर घडलेली. ती सांगताना कंपन्यांनी एक विधान कायम पुढे केले, की शर्यतीमुळे यंत्र सुधारते. मोटारींच्या आणि मोटरसायकलींच्या जाहिरातींतूनही ते आपल्या परिचयाचे आहे. हे विधान जसेच्या तसे मान्य करता येत नाही आणि सरसकट उडवूनही लावता येत नाही. आउटबोर्डच्या इतिहासाने त्याला एक अट घातली आहे. शर्यतीतले इंजिन आणि दुकानातले इंजिन एकाच घराण्यातले असावे असे नियमांनी भाग पाडले, तेव्हा शर्यतीचे फळ साध्या नावाड्यापर्यंत पोहोचले. ते बंधन सैल झाले तेव्हा शर्यतीने पैसा खाल्ला आणि कारखानेही अडचणीत आणले. एवढेच नाही, आज संग्राहक ज्या जुन्या इंजिनांना जिवापाड जपतात ती टिकली, तीही बऱ्याच अंशी या नियमांमुळेच.

सुटे इंजिन होडीला लावण्याची कल्पना कोणा एकाची नाही. १८८१ साली पॅरिसमध्ये गुस्ताव त्रुवे याने सीन नदीवर विजेवर चालणारी सुटी मोटर होडीला जोडून चालवून दाखवली होती. पुढे डेट्रॉइटमध्ये कॅमेरॉन वॉटरमन या येल विद्यापीठात शिकलेल्या तरुणाने १९०५-०६ च्या सुमारास पेट्रोलवरची मोटर बनवून विकायला काढली. पण धंदा म्हणून ती गोष्ट रुजवली मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूडने. नॉर्वेत जन्मलेला आणि लहानपणीच आईवडिलांबरोबर विस्कॉन्सिनला आलेला हा कारागीर. १९०९ साली त्याने विक्रीला आणलेले इंजिन ६२ पौंड वजनाचे, दीड अश्वशक्तीचे आणि ६२ डॉलर किमतीचे होते. एकच आडवा सिलिंडर, वर उघडे फ्लायव्हील आणि फ्लायव्हीलच्या कडेला लाकडी मूठ. ही मूठ धरून फ्लायव्हील झटक्यात फिरवायचे, इंजिन पेटले की हात तत्क्षणी मागे घ्यायचा. उशीर झाला की फिरणारी मूठ बोटांवर बसे. त्याची बायको बेस हिने वल्ही फेकून द्या अशा अर्थाची जाहिरात लिहिली आणि धंद्याचा पत्रव्यवहार हाती घेतला. न्यूयॉर्कमधला डॅनिश निर्यातदार ओलुफ मिकेल्सन याने हजारोंनी इंजिने मागवली आणि ती स्कँडिनेव्हियातल्या मच्छीमारांकडे गेली. या सुरुवातीच्या गिऱ्हाइकाला हवी होती खात्री: सकाळी निघालेली होडी संध्याकाळी परत यावी. जोरदार वल्ही मारणारा गडी जेवढा वेग देईल तेवढा मिळाला तरी तो समाधानी होता.

या इंजिनात पहिला मोठा बदल झाला तो वजनाचा, आणि त्यात अजून शर्यतीचा हात नव्हता. बेसची प्रकृती ढासळल्यामुळे ओलेने १९१४ च्या सुमारास आपला हिस्सा भागीदार ख्रिस मायर याला विकला आणि काही वर्षे या धंद्यात पुन्हा न उतरण्याचे कबूल केले. मुदत संपल्यावर त्याने ॲल्युमिनियमचा भरपूर वापर केलेली हलकी, दोन सिलिंडरची मोटर आखून प्रथम मायरलाच देऊ केली. मायरने नकार दिला, तेव्हा ओलेने ‘एल्टो’ नावाने स्वतःच ती बनवायला घेतली. त्याच सुमाराला इंडियाना राज्यातले जॉन्सन बंधू मैदानात आले. या भावांनी आधी होड्यांची इंजिने केली होती, स्वतःचे विमानही बांधले होते. १९१३ साली टेरे होट गावावर आलेल्या वावटळीत त्यांचा कारखाना उद्ध्वस्त झाला. तिथून ते साउथ बेंडला गेले. १९२२ च्या हंगामात त्यांची दोन अश्वशक्तीची ‘लाइट ट्विन’ फक्त ३५ पौंडांची होती. दीड अश्वशक्तीसाठी ६२ पौंड, आणि तेरा वर्षांनी दोन अश्वशक्तीसाठी ३५ पौंड, हा फरक फार मोलाचा आहे. शर्यतीला यंत्रसुधारणेचे सगळे श्रेय देणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा. आउटबोर्ड हलके झाले ते बाजारातल्या स्पर्धेने. होडीमालकाला ते उचलून न्यायचे होते, म्हणून.

पुढचा बदल मात्र वेगळ्या स्वरूपाचा होता. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. जोर वाढवला तर ती स्वतःच उठवलेल्या लाटेच्या मागे अडकते, नाळ वर जाते, पिछाडी बसते आणि इंधन वाया जाते. सपाट तळाची हलकी होडी पुरेशा जोराने ढकलली, तर ती ही लाट ओलांडून पाण्याच्या वर चढते आणि भिरकावलेल्या चपट्या दगडासारखी पृष्ठभागावरून घसरत जाते. त्या क्षणी पाण्याचा विरोध एकदम उतरतो. जॉन्सनने १९२५-२६ मध्ये काढलेल्या सहा अश्वशक्तीच्या ‘बिग ट्विन’ने आउटबोर्डला या टप्प्यावर नेले, साधी होडी ताशी १६ मैलांच्या वेगाने धावू लागली. आज हा आकडा किरकोळ वाटेल. पण पाणी कापणे आणि पाण्यावर घसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकदा दुसरी साधल्यावर दर जादा अश्वशक्तीचा परिणाम डोळ्यांना दिसू लागला. दोन होड्या शेजारी उभ्या राहिल्या की शर्यत लागणारच. अमेरिकेतल्या तळ्यातळ्यांवर रविवारच्या शर्यती सुरू झाल्या त्या इथून.

शर्यत म्हटले की बरोबरीचा प्रश्न येतो, आणि त्याचे जे उत्तर दिले गेले ते पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली आहे. वर्ग पाडले गेले ते सिलिंडरांच्या आतल्या जागेवर. सुरुवातीच्या वर्गवारीत ए वर्गाला १४ घनइंच, बी वर्गाला २०, सी वर्गाला ३०, डी वर्गाला ४० आणि एफ वर्गाला ६० घनइंचांची मर्यादा होती. अश्वशक्ती हा कंपनीचा दावा असतो, तो फुगवता येतो आणि लपवताही येतो. पिस्टनचा व्यास आणि त्याची धाव यांवरून निघणारी जागा मात्र पट्टीने मोजता येते. शर्यत संपल्यावर तपासनीस सिलिंडर उघडून ती मोजू शकतो. या नियमाचा परिणाम असा, की मोठे इंजिन लावून जिंकण्याची वाट बंद झाली. तेवढ्याच जागेतून जास्त काम काढायचे, तर वायू आत-बाहेर जाण्याच्या वाटा सुधारायच्या, घर्षण कमी करायचे, पाण्याखालचा भाग सडपातळ करायचा. ही आउटबोर्ड दोन-स्ट्रोक होती, आणि अशा इंजिनाला क्रँकशाफ्टच्या दर फेऱ्याला ताजे मिश्रण घ्यावे लागते आणि जळलेले बाहेर टाकावे लागते. त्या काळच्या पिस्टनच्या माथ्यावर एक उंचवटा असे. आत येणारे मिश्रण त्यावर आपटून वर वळावे आणि थेट धूर जाण्याच्या वाटेने निसटू नये, एवढ्यासाठी. या उंचवट्याचा आकार आणि शेजारच्या खिडक्यांची उंची कानशीने बदलत कारागिरांनी हिवाळेच्या हिवाळे काढले.

या शर्यतींत चालक एकटा, उथळ तळाच्या होडीत गुडघ्यांवर बसतो. एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात स्प्रिंगची खिट्टी. ती दाबली की इंजिन पळते, सोडली की मंद होते, म्हणजे चालक पाण्यात फेकला गेला तर होडी एकटीच पळत सुटत नाही. इंजिन सुरू करायला गाठ मारलेला दोर फ्लायव्हीलच्या खाचेत अडकवून, दोन वेढे देऊन, उभे राहून खेचायचा. रांगेत उभे राहून निघण्याची सोय नाही, कारण वाहत्या पाण्यावर होडी जागी राहत नाही. म्हणून सगळे फेऱ्या मारत राहतात आणि एक मोठे घड्याळ शेवटचा मिनिट मोजते. घड्याळ शून्यावर येण्याआधी रेषा ओलांडणारा बाद होतो, उशिरा येणारा इतरांनी उडवलेल्या पाण्यात आंधळा होतो. पहिल्या वळणावरच निम्मी शर्यत ठरते. हडसन नदीवरची ऑल्बनी ते न्यूयॉर्क ही शर्यत तर सुमारे १३० मैलांची. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ती नावारूपाला आली. थंड पाणी, वाहून आलेले ओंडके आणि मोठ्या जहाजांच्या लाटा यांतून अर्धे चालक न्यूयॉर्कला पोहोचले तरी पुष्कळ मानले जाई. महाविद्यालयांच्या आपसातल्या शर्यतीही त्याच सुमारास सुरू झाल्या.

याच वर्षांत नियमांच्या चौकटीमागचा हेतू कारखान्यांनी बाजूला सारला. १९२८ साली एल्टोने चार सिलिंडरचे १८ अश्वशक्तीचे ‘क्वाड’ आणले. जॉन्सनने ए वर्गासाठी केआर, बी साठी एसआर आणि सी साठी पीआर अशी खास शर्यतीची इंजिने काढली, त्यांत मिश्रण वेळेवर आत सोडणारी फिरती झडप बसवली. घनइंचांची मर्यादा या इंजिनांनी अक्षरशः पाळली, पण शर्यतीतले आणि दुकानातले इंजिन एका घराण्यातले राहिले नाही. हे इंजिन मच्छीमाराच्या कामाचे नव्हते: मंद गतीला ते चालत नसे, त्याचा आवाज मैलभर जाई आणि हंगामागणिक नवे घ्यावे लागे. दर वसंतात नवे मॉडेल, दर उन्हाळ्यात नवे विक्रम. १९३० च्या सुमारास वेग ताशी ५० मैलांवर गेला. जॉन्सनने इलिनॉयमधल्या वॉकीगन इथे मोठा कारखाना उभारला होता, त्यातच जोडीला ‘ॲक्वाफ्लायर’ नावाच्या होड्याही बनवायला घेतल्या. इकडे उद्योजक स्टीफन ब्रिग्ज यांच्या पुढाकाराने १९२९ साली एल्टो, एव्हिनरूड आणि लॉकवुड या कंपन्या एकत्र येऊन ‘आउटबोर्ड मोटर्स कॉर्पोरेशन’ झाली. काही महिन्यांतच शेअर बाजार कोसळला. जॉन्सन कंपनी कर्ज देणाऱ्यांच्या ताब्यात गेली आणि १९३५ साली ती ब्रिग्ज आणि ओलेचा मुलगा राल्फ एव्हिनरूड यांनी विकत घेतली. बेस १९३३ साली आणि ओले १९३४ साली वारले.

महामंदीने सगळेच उद्योग बुडाले, त्यात शर्यतीचा काय दोष, असा आक्षेप इथे येईल. तो खरा आहे, पण अपुरा आहे. मंदीत सर्वांचीच विक्री घटली. मात्र कोण तगले हे पाहिले पाहिजे. एव्हिनरूडच्या घराला तारले ते लहान, स्वस्त मोटरींनी, आणि त्या दशकात ही उतरंड अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटरीपर्यंत खाली आली. वेगाच्या मोटरीत, मोठ्या कारखान्यात आणि होड्यांत पैसा गुंतवून बसलेला जॉन्सन मात्र बुडाला. शर्यतीच्या इंजिनावर झालेल्या खर्चातले फारच थोडे ज्ञान त्या लहान मोटरींत उतरले, कारण दोघांमध्ये काही समान उरले नव्हते. एकत्रित कंपनीने हा धडा घेतला, थोडा जास्तच घेतला. तिने नव्या शर्यती इंजिनांतून अंग काढून घेतले आणि पुढे बरीच वर्षे ती या खेळापासून दूर राहिली.

कारखान्यांनी सोडलेला खेळ हौशी माणसांनी चालू ठेवला आणि जुन्या इंजिनांचे आयुष्य वाढले ते इथे. नवे बनत नाही आणि नियम तर घनइंचांचा आहे. मग १९३० चे पीआर हेच सी वर्गातले सर्वांत चांगले इंजिन राहते. पेट्रोलऐवजी अल्कोहोल आणि एरंडेल तेल, वाढवलेला दाब, हाताने घडवलेले प्रोपेलर, यांतून त्याच लोखंडातून जास्तीत जास्त काम काढले गेले. १९३० च्या दशकात न्यू जर्सीतल्या एपल पिता-पुत्रांच्या व्हेंटनर कारखान्याने तीन बिंदूंवर टेकणारी होडी आणली: पुढे दोन बाजूंना दोन तळवे आणि मागे प्रोपेलरजवळचा भाग, बाकी सगळे हवेत. इंजिने तीच, वेग वाढला. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात रँडॉल्फ हबेल यांनी या जुन्या इंजिनांचे सुटे भाग बनवायला घेतले, त्यामुळे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या आखणीची इंजिने १९५० च्या दशकातही जिंकत राहिली. भावनेपोटी कोणी ती वापरत नव्हते. त्या चौकटीत तीच सर्वांत वेगवान होती. जुनी इंजिने केवळ आठवणींच्या ओढीने टिकतात, असे म्हणणाऱ्यांनी ही पंचवीस वर्षे पाहावीत. त्याच काळात चौकटीबाहेरचे विक्रमही चालू होतेच. स्पेनच्या रिकार्डो सोरियानो या उमरावाच्या खर्चिक इंजिनावर फ्रान्सच्या जाँ द्युपुई याने १९३९ साली ताशी ७९ मैल गाठले. पण त्या इंजिनाचा वंश कोणत्याही दुकानात पोहोचला नाही.

दुकान आणि शर्यत यांची पुन्हा गाठ घातली ती कार्ल किकहेफरने. १९३९ साली या विस्कॉन्सिनच्या हेकेखोर इंजिनियरने सीडरबर्गमधला एक बंद पडलेला कारखाना घेतला. तिथे माँटगोमेरी वॉर्ड या दुकानसाखळीने नापास केलेली शेकडो आउटबोर्ड धूळ खात होती. ती दुरुस्त करून विकली गेली, पुन्हा मागणी आली, आणि १९४० च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये ‘मर्क्युरी’ हे नाव पुढे आले. युद्धात त्याने लष्करासाठी लाकूड कापायच्या साखळी करवतींची दोन-स्ट्रोक इंजिने बनवली. हलके, पूर्ण जोरावर तासन्‌तास चालणारे आणि अडाणी हातांनी वापरले जाणारे इंजिन कसे असावे, याची ती कठोर शाळा होती. युद्धानंतर अमेरिकन पॉवर बोट असोसिएशनने ‘स्टॉक’ वर्ग मान्य केले: इंजिन कारखान्याच्या यादीतले, सर्वांना विकत मिळणारे, इंधन पेट्रोल आणि तेल, कानस लावायची नाही. या नियमाने घनइंचांच्या जुन्या चौकटीचा हरवलेला हेतू परत आणला. मर्क्युरीचे केजी-७ हे २० घनइंचांचे इंजिन या वर्गात उतरले. कागदावर ते १० अश्वशक्तीचे होते, प्रत्यक्ष जोर त्याहून बराच जास्त. काही वर्षांनी आलेल्या त्याच मापाच्या मार्क २० वर कंपनीने १६ हा आकडा छापला. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड यांच्या सांध्यांत साध्या पितळी बुशांऐवजी बॉल आणि रोलर बेअरिंग होती, मिश्रण आत घ्यायला पातळ पात्यांची झडप होती.

इथे जाणकार वाचक हरकत घेईल. शर्यतीत धावणाऱ्या केजी-७ चे नाव केजी-७एच, आणि त्यातले ‘एच’ हे अक्षर ‘क्विकसिल्व्हर’ नावाच्या खास शर्यती पायाचे, म्हणजे पाण्याखालच्या भागाचे, होते: सुळसुळीत, गोळीसारखी गिअरपेटी, न्यूट्रल नाही, रिव्हर्स नाही. मग हे ‘स्टॉक’ कसले? हरकत रास्त आहे. पण इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे सिलिंडर, पिस्टन, क्रँकशाफ्ट, मच्छीमाराच्या केजी-७ मधलाच होता. शनिवारी-रविवारी शेकडो शर्यतींत जो क्रँकशाफ्ट पूर्ण जोरावर तपासला जाई, तोच सोमवारी तळ्यावर मासे धरायला निघालेल्या माणसाच्या होडीवर असे. केआर आणि एसआर यांच्या बाबतीत हेच म्हणता येत नव्हते. शिवाय किंमत कामगाराच्या आवाक्यातली होती. एका गॅरेजमधला मेकॅनिक आणि एका कारखानदाराचा मुलगा एकाच इंजिनावर शेजारी उभे राहत, आणि त्यामुळे या वर्गांत चालकांची गर्दी झाली.

सर्वांत जड आक्षेप पुढचा आहे. शर्यतीपासून दूर राहिलेल्या जॉन्सन-एव्हिनरूडनेच युद्धानंतर मर्क्युरीहून कितीतरी जास्त मोटरी विकल्या. १९४९ च्या त्यांच्या १० अश्वशक्तीच्या जॉन्सनला पुढे-मागे जाण्याचा गिअर आणि वेगळी ठेवता येणारी इंधनाची टाकी होती. पुढच्या वर्षांत त्यांनी आवाज आणि हादरे कमी केले. कुटुंबाला घेऊन तळ्यावर जाणाऱ्या माणसाला हेच हवे होते. हे सगळे शर्यतीविना झाले, ही गोष्ट मान्यच केली पाहिजे. शर्यत गिअर देत नाही, शांतता तर मुळीच देत नाही. उघड्या धुराड्यांमुळे कित्येक तळ्यांकाठच्या लोकांनी शर्यतींना विरोध केला तो उगाच नव्हे. शर्यतीने दिले ते एवढेच आणि नेमके: तेवढ्याच आकारातून जास्त जोर, पूर्ण जोरावर टिकणारे सांधे आणि पाणी सहज कापणारा पाय. १९५० च्या दशकात लाकडाऐवजी मोठ्या फायबरग्लास होड्या आल्या आणि ३०, ५०, ६० अश्वशक्तीची मागणी निघाली, तेव्हा या तीन गोष्टींशिवाय कोणाचे भागले नाही. किकहेफरने १९५७ साली सहा सिलिंडर एकावर एक रचलेले ६० अश्वशक्तीचे मार्क ७५ काढले. फ्लोरिडातल्या ‘लेक एक्स’ या गुप्त तळ्यावर तशी दोन इंजिने न थांबवता २५ हजार मैल चालवली, इंधन धावत्या होडीतच भरले. शर्यतीवर जीव असलेल्या या माणसाने गिऱ्हाइकाला पटवायला टिकाऊपणाचा पुरावा निवडला, यातही त्याची समज दिसते.

विक्रम होत राहिले. त्याच मार्क ७५ च्या घराण्यातल्या इंजिनावर ह्यू एंट्रॉपने १९५८ साली सिएटलच्या लेक वॉशिंग्टनवर ताशी १०७ मैलांहून जास्त वेग नोंदवला. १९६० साली तोच एंट्रॉप एव्हिनरूडचे इंजिन लावून १२२ मैलांपुढे गेला, म्हणजे शर्यत वर्ज्य मानणारे घरही अखेर पाण्यात उतरले. अल्कोहोलच्या वर्गांत जुन्या जॉन्सनची सद्दी संपवली ती बर्लिनच्या डीटर क्योनिगच्या इंजिनांनी. त्यांत पिस्टनच्या माथ्यावरचा उंचवटा नव्हता. मिश्रण बाजूच्या खिडक्यांतून वळवून आत घेण्याची श्नुर्ले या जर्मन अभियंत्याची रीत होती. तीस वर्षे जुन्या इंजिनांना हरवायला घनइंचांची चौकट मोडावी लागली नाही, तिच्या आत नवी कल्पना आणावी लागली. २०१८ च्या नोव्हेंबरात फॉर्म्युला वन पॉवरबोटींची शर्यत विजयवाड्याला आपल्या कृष्णेच्या पात्रात झाली, तेव्हा तिथे धावणाऱ्या होड्यांच्या पाठीवरही व्ही-६ आउटबोर्डच होते.

शर्यतीतून बाजूला पडलेल्या जुन्या मोटरींसाठी अमेरिकेत १९६५ साली अँटिक आउटबोर्ड मोटर क्लब स्थापन झाला. एव्हिनरूड नावाची इंजिने बनवणे २०२० साली बंद झाले, त्यामुळे १९०९ पासूनचे ते घराणे आता पूर्णपणे संग्राहकांच्या हाती आहे. परदेशातल्या एखाद्या संग्रहालयात किंवा बंदरावरच्या भंगारात असे जुने यंत्र दिसले तर आधी झाकणावरचे नाव वाचू नका. खाली वाकून पाय पाहा. गिअरपेटी गोळीसारखी सडपातळ असेल आणि रिव्हर्सचा दांडा कुठेच नसेल, तर ते यंत्र शर्यतीसाठी बनले आहे. मालकाला विचारल्याशिवाय ते उघडू नका, आणि भंगारवाल्याला तर अजिबात देऊ देऊ नका.